उल्ममध्ये राहून घरून काम करणार असाल तर

जर्मनीतल्या उल्मला येऊन सहा महिने झाले होते. एका दुपारी कचरा टाकायला खाली गेले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात थांबवलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मग, काम मिळालं का कुठे?" मी म्हटलं, आहे की काम, म्युनिकच्या कंपनीत आहे. त्यांनी माझ्या पायातल्या घरच्या सपाता पाहिल्या, मान हलवली आणि पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टपालपेटीत पेपरचं एक कात्रण होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत मदतनीस पाहिजे.

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात कुणाकुणाचा फोन येतो. "ताई, आम्ही उल्मला येतोय. नवऱ्याची नोकरी तिकडे, माझं काम घरूनच." कधी याच्या उलट. मीही अशीच आले. सहा वर्षं म्युनिकला काढली, मग २०२१ च्या ऑक्टोबरात नवऱ्याला इथल्या विद्यापीठात काम मिळालं आणि माझी नोकरी लॅपटॉपसकट इथे आली. फोनवर तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

कागदपत्रांचं थोडक्यात. राहायला आल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंद करायची, म्हणजे आनमेल्डुंग. जर्मनीतल्याच दुसऱ्या गावातून येत असलात तरी ती नव्याने करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, घरामागे एकच. टीव्ही नाही हे सांगून उपयोग नसतो, मी सांगून पाहिलंय.

आणि नाव. बेलवर नाव, टपालपेटीवर नाव. आपल्याकडे फ्लॅट नंबर असतो, इथे बहुतेक इमारतींत नंबरच नसतो. दारावर जे नाव तोच तुमचा पत्ता. मी पहिल्या आठवड्यात "नंतर लावू" म्हटलं. इंटरनेट जोडायला माणूस येणार होता, सकाळी ८ ते १२ मध्ये कधीही. मी चार तास दाराशी कान लावून बसले. साडेबाराला संदेश आला: तंत्रज्ञ येऊन गेला, नाव सापडलं नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे मी मोबाईलच्या इंटरनेटवर, खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवून मीटिंगा केल्या. तेव्हा सामान उघडायच्या आधी चिठ्ठीवर आडनाव लिहून बेलवर चिकटवा. इंटरनेटची मागणीही घराचा करार झाला की लगेच नोंदवा, राहायला आल्यावर नको.

आता खरं सांगायचं ते. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला गाव आपोआप कळत जातं. कुठली ट्रॅम बंद आहे, उद्या कसली सुट्टी, ब्रेत्सेल कुठला चांगला, हे जेवायच्या सुट्टीत कानावर पडतं. घरून काम करणाऱ्याचं ऑफिस दुसऱ्याच गावाचं असतं, त्यामुळे कानावर पडतं ते त्या गावाचं. पहिलं वर्षभर मला म्युनिकच्या भुयारी रेल्वेचे घोळ पाठ होते आणि आमच्या दारातली ट्रॅम क्रमांक १ कुठे जाते हे माहीत नव्हतं.

उल्ममध्ये यात आणखी एक गंमत आहे. गाव डॅन्यूबच्या काठावर, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. नदी ओलांडली की नॉय-उल्म, म्हणजे बायर्न राज्य, म्युनिकचंच. आपण अलीकडे बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये. पहिल्या वर्षी १५ ऑगस्टला मी सकाळी नऊला मीटिंगमध्ये एकटीच. मला वाटलं दुवा चुकला. दहा मिनिटांनी आठवलं, मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी! म्युनिकला असते, उल्मला नसते. (इतकी वर्षं मी त्या सुट्टीला मनातल्या मनात आपला स्वातंत्र्यदिन समजून चालले होते.) आपल्याला कुठल्या राज्याच्या सुट्ट्या लागू, हे पहिल्याच महिन्यात कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

याच्या उलट, जुलैतल्या शेवटून दुसऱ्या सोमवारी, श्व्योरमोनटागला, हे गाव कामाचं नाव काढत नाही. सकाळी महापौर श्व्योरहाउसच्या सज्जातून शपथ घेतात की श्रीमंत आणि गरीब दोघांशी सारखाच वागेन. ही शपथ १३९७ च्या सनदेतली. दुपारी सगळं गाव डॅन्यूबमध्ये: रबरी होड्या, टायरच्या ट्यूब, घरी ठोकलेले तराफे, एकमेकांवर पाणी. त्याला नाबाडा म्हणतात. म्युनिकच्या कॅलेंडरात हा दिवस कोरा असतो. मी पहिल्या वर्षी खिडकी लावून एक्सेल भरत बसले आणि बाहेर एवढा गोंधळ कसला म्हणून वैतागले. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवा.

घराबद्दल. दिवसभर घरात असणारा माणूस घर ओलं करतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन वेळचा स्वयंपाक, कुकरची वाफ, आतच वाळत घातलेले कपडे आणि नुसता आपला श्वास. आधीचा भाडेकरू सकाळी सातला जायचा नि संध्याकाळी सहाला यायचा, त्यामुळे त्याच्या वेळी भिंती कोरड्या राहिल्या. जानेवारीत आमच्या कपाटामागच्या, बाहेरच्या बाजूच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. बुरशी! मालकीणबाईंनी आल्या आल्या विचारलं, हवा कशी खेळवता? मी अभिमानाने तिरकी उघडलेली खिडकी दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. तिरक्या खिडकीने हवा बदलत नाही, भिंत मात्र थंड होते, आणि थंड भिंतीवर वाफ धरते. खिडक्या पूर्ण उघडायच्या, शक्यतो समोरासमोरच्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, तेवढा वेळ हीटर बंद. याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात आणि जर्मन माणूस त्याबद्दल सोवळ्याइतका कडक असतो. दहा-बारा युरोचं आर्द्रता मोजायचं यंत्र टेबलावर ठेवा. आकडा ६० च्या वर गेला की उठायचं. एरवी चार-चार तास खुर्चीतून न उठणाऱ्या माझ्यासारखीला हे यंत्र फारच मानवलं. मोठं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

हीटिंगचंही तसंच. भाड्याबरोबर दर महिन्याला जे खर्चाचे पैसे जातात तो नुसता अंदाज असतो, आणि तो बहुधा त्या दिवसभर घराबाहेर असणाऱ्या भाडेकरूच्या वापरावरून काढलेला. खरा हिशोब पुढच्या वर्षी येतो आणि फरक भरावा लागतो. ते पैसे बाजूला काढून ठेवा, नाहीतर नेमका भारताच्या तिकिटांवर घाला येतो.

केअरवोखं म्हणजे झाडलोटीची आठवड्याची पाळी. तिची पाटी एक दिवस तुमच्या दाराच्या मुठीला लटकलेली दिसेल. लहान केअरवोखं म्हणजे आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. मोठी असेल तर अंगण, तळघर, समोरचा रस्त्याकडेचा भाग आणि बर्फ पडला तर तोही. ऑफिसला जाणाऱ्यांना जिन्यात थोडी सवलत मिळते, शनिवारी केलं तरी चालतं. आपल्याला नाही. आपण दिवसभर घरात असतो हे सगळ्या इमारतीला माहीत असतं. जिना तसाच दिसला, तर कुणी बोलणार नाही, पण सोमवारी "ग्र्युस गॉट", म्हणजे इथला नमस्कार, जरा कोरडा येईल. आणि हे "ग्र्युस गॉट" जिन्यात, डॉक्टरांच्या खोलीत, लिफ्टमध्ये भेटेल त्याला म्हणायचं. ओळख असो नसो.

वेळेचं गणित तोंडपाठ करा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं फिरतात. पुण्याच्या टीमची दुपारी दीडची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी नऊला आणि उन्हाळ्यात दहाला. आईला मात्र मी अजून पटवू शकले नाही. "घड्याळं काय हलवायची गोष्ट आहे का?" ती विचारते आणि तिच्या रात्री नऊलाच फोन करते. हिवाळ्यात तेव्हा माझे साडेचार वाजलेले असतात, बाहेर अंधार पडत असतो, आणि तिचा पहिला प्रश्न: "जेवलीस का?"

पुण्याच्या सोयीने पहाटे बसायचं आणि म्युनिकच्या सोयीने रात्रीपर्यंत, असं करू नका. इथल्या कायद्याने दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती हवी आणि दिवसाला १० तासांच्या वर काम नको. घरात बघणारं कुणी नसतं, म्हणून हे आपणच पाळायचं. रविवारी ईमेल पाठवलं तर साहेब कौतुक करेल असं वाटत असेल, तर नाही करणार. त्याला तुमच्याबद्दल काळजी वाटेल, किंवा राग येईल.

करासाठी एक वही ठेवा. ऑफिसला न जाता घरून काम केलेल्या दिवसामागे ६ युरो वजा मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त २१० दिवस, म्हणजे १,२६० युरो. पण हुरळून जाऊ नका. नोकरदाराला १,२३० युरोची वजावट काहीही न दाखवता मिळतेच, आणि हे दिवस त्यातच धरले जातात. खरा फायदा होतो तो टेबल, खुर्ची, मॉनिटर, म्युनिकची तिकिटं अशी बाकीची बिलं जोडून त्या आकड्याच्या वर गेलात तरच. पावत्या फेकू नका.

आणि हे निव्वळ गंमत म्हणून: झोपायच्या खोलीतून घरातल्याच कामाच्या खोलीकडे जाताना एक गृहस्थ गोल जिन्यावरून पडले. तो कामावर जातानाचा अपघात, असा निकाल इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. नवऱ्याने तो मला वाचून दाखवला आणि म्हणाला, मग निदान उठून टेबलापर्यंत जात जा, पलंगावरून लॉग-इन नको करूस.

"घरून काम" म्हणजे सांगलीच्या घरून नव्हे, हेही सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी तिकीट काढून मग विचारतं. भारतात बसून दोन महिने काम करायचं तर कर, विमा, व्हिसा सगळंच आडवं येतं. कंपनीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

नोव्हेंबर वाईट असतो. उल्मचं धुकं प्रसिद्ध आहे. डॅन्यूबवरून उठतं आणि काही वेळा दिवसच्या दिवस हलत नाही. म्युन्स्टर या इथल्या चर्चचं १६१ मीटर उंचीचं शिखर, २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलिया चर्चने मागे टाकेपर्यंत जगातल्या चर्चांमधलं सर्वांत उंच, अर्ध्यावरून गायब होतं. पहिल्या नोव्हेंबरात मी सलग चार दिवस घराबाहेर पडले नाही, आणि पाचव्या दिवशी दुकानात "पिशवी हवी का" या प्रश्नाचं उत्तर देताना घसा खरवडला, इतका तो वापरात नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी सव्वाआठला बूट घालते, हेर्डब्र्युके पूल ओलांडून पलीकडे जाते, पाव घेते आणि परत येते. रोज परराज्यात जाऊन येते म्हणा ना. नऊला टेबलावर.

दुपारचं एखादं काम शहराच्या वाचनालयात नेऊन करा. काचेचा पिरॅमिड आहे, चुकायचा नाही. तिथे बोलता येत नाही, पण माणसं दिसतात. बोलायला मात्र जर्मनच लागतं, आणि घरून इंग्रजीत काम करणाऱ्याचं जर्मन वाढतच नाही. कॉर्नहाउसप्लात्सवर आइनस्टाइनहाउसमध्ये फोल्क्सहोखशुलं, म्हणजे मोठ्यांसाठी वर्ग चालवणारी संस्था आहे, तिथला संध्याकाळचा वर्ग लावा. ऑनलाइन वर्ग असतो, तो लावू नका. दिवसभर स्क्रीन, मग संध्याकाळीही स्क्रीनच. मी अडखळत बी-१, म्हणजे जर्मनची मधली पातळी, पास झाले, पण त्याहून मोठी कमाई म्हणजे मंगळवारी मी आले नाही तर चौकशी करणारी दोन माणसं.

इमारतीत मात्र माझी पत सुधारली ती पार्सलांमुळे. दिवसभर घरात असणारा माणूस एकच, हे पार्सलवाल्याला तुमच्या आधी कळतं. तो सगळ्यांच्या बेला सोडून तुमचीच दाबायला लागतो. सुरुवातीला मी चिडायचे, मीटिंग चालू, हा खाली उभा. मग लक्षात आलं, संध्याकाळी एकेक जण चिठ्ठी घेऊन दाराशी येतो, नाव सांगतो, दोन शब्द बोलतो. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, तळमजल्यावरचा सायकलवाला, सगळ्यांची ओळख माझ्या उंबऱ्यावर झाली. सही करून घ्या. फुटकं खोकं मात्र घेऊ नका, आणि मीटिंगच्या वेळेत बेल बंद ठेवायचा हक्क आपला.

महिन्यातून दोन सोमवार मी म्युनिकला जाते. मागच्या हिवाळ्यात अशाच एका सोमवारी रात्री आठला परतले, तर माझ्याच पेटीत चिठ्ठी: पार्सल तिसऱ्या मजल्यावर. आईने पाठवलेला गोडा मसाला. आजींची बेल वाजवली. त्या मला आतून थेट बाल्कनीत घेऊन गेल्या. खोकं तिथे, कठड्यापासून लांब, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून ठेवलेलं, वर दगड. घरात ठेवलं होतं आधी, म्हणाल्या, पण मांजर त्याच्यासमोर बसून ओरडायला लागलं.