आरमध्ये कॉलमच्या नावात कंस, टक्के किंवा स्पेस असेल तर

माझ्याकडे डेटा येतो तो बहुतेक एक्सेलमधून. कॉलमची नावं माणसाने माणसासाठी लिहिलेली असतात: वजन (किलो), बदल %, वाऱ्याचा वेग. आर या आकडेवारीच्या संगणकभाषेला मात्र नावात अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. सुरुवातीला अंक किंवा अंडरस्कोर नको. याबाहेरचं काही असेल तर नाव बॅकटिकमध्ये घाला. कीबोर्डवर टिल्डच्या (~) बटणावरचं ते तिरकं चिन्ह. तक्त्याचं नाव क असेल तर:

क$`वजन (किलो)`

रिग्रेशनच्या सूत्रातही हेच: `वजन (किलो)` ~ वय. आलेख काढणाऱ्या जीजीप्लॉटच्या एईएसमध्ये, म्हणजे कुठला कॉलम कुठल्या अक्षावर हे सांगतो तिथे, बॅकटिकऐवजी अवतरणचिन्ह दिलंत तर एरर येत नाही, पण सगळे ठिपके एकाच रेषेत उभे राहतात, कारण आर त्याला कॉलम न समजता नुसता मजकूर समजतो.

सगळ्यात जपायचं ते वजाच्या चिन्हाला. `वजन-घट` हे बॅकटिकशिवाय लिहिलं की ती वजाबाकी होते. घट नावाचं काही आधीच मेमरीत असेल, तर आर मुकाट्याने उत्तर देतो आणि चुकीचा आकडा पुढे जातो.

फाइल वाचतानाही लक्ष ठेवा. सीएसव्ही फाइल वाचायचं आरचं मूळचं फंक्शन, रीड-सीएसव्ही, न विचारता नावं बदलतं. «बदल +» आणि «बदल -» या दोन कॉलमचं होतं «बदल..» आणि «बदल...1». वाढ कुठली नि घट कुठली, हे नावावरून कळायची सोयच उरत नाही. म्हणून त्यातल्या चेक-नेम्स या पर्यायाला फॉल्स द्या. डेटा-फ्रेम, म्हणजे आरमधला तक्ता, बनवतानाही तेच. रीडर या पॅकेजचं फंक्शन नावांतल्या चिन्हांना हात लावत नाही, म्हणून मला ते आवडतं.

आता वाऱ्याचा वेग. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ (२३५३) असतो, दुसऱ्यात साधा र (२३५२), हलंत आणि न दिसणारा जोडक (८२०५). स्क्रीनवर दोन्ही सारखेच, आरच्या लेखी वेगळे. नाव हुबेहूब टाइप करूनही कॉलम सापडत नसेल तर यूटीएफ-८ टू इंट या फंक्शनने दोन्ही नावांतल्या अक्षरांचे युनिकोड आकडे काढून शेजारी ठेवा. युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे अक्षरं एका ठरावीक रूपात आणण्याने, हा जोडक जात नाही. अशा वेळी कॉलमच्या क्रमांकाने नाव बदललेलं बरं.

मी तेच करते. फाइल आली की जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी करते, सगळं काम वजन, वेग, बदल अशा साध्या नावांवर करते, आणि तक्ता छापताना यादीतून मूळ नावं परत लावते. कंसातलं एकक वाचणाऱ्याला हवंच असतं, पण ते शेवटच्या तक्त्यात.

आकडेवारीच्या दुसऱ्या साधनांत थोडं वेगळं आहे. स्टेटामध्ये बॅकटिकसारखी सोय नाही; तिथे मूळ नाव लेबलमध्ये टाका. पायथनच्या पांडाजमध्ये चौकटी कंसात नाव अवतरणचिन्हांत दिलं की भागतं, क्वेरीत मात्र बॅकटिक. सॅसमध्ये व्हॅलिड-व्हार-नेम हा पर्याय एनी करून नाव अवतरणात आणि लगेच पुढे एन (n) हे अक्षर. पण नावाची मर्यादा ३२ बाइटची, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खातं.