करटोली घरी लावताय? मग या चुका टाळा

दर श्रावणात मला हाच प्रश्न येतो. "वेल मांडवभर पसरलीय, फुलंही खूप आहेत, पण करटोलं एकही धरत नाही. कोणतं खत घालू?"

खत घालूच नका. करटोलीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. तुमच्याकडे दोघींपैकी एकटीच असणार. पिवळ्या फुलाच्या मागे बघा. तिथे इवलंसं काटेरी करटोलं असेल तर मादी, नुसता देठ असेल तर नर. बियांपासून दोन्ही जवळपास निम्म्या-निम्म्या निघतात आणि फुलं येईपर्यंत कळतच नाही. म्हणून मी बी लावत नाही, फळ दिलेल्या मादीचा आणि सोबत नराचा कंदच मागून आणतो. बाजारातल्या पिकल्या करटोलीचं बी टोचून 'फुकटात वेल' मिळवण्याची घाई मला पटत नाही. त्यात वर्ष जातं.

दोन्ही वेली असूनही फळ धरत नसेल, तर दिवेलागणीला मांडवाखाली जा. फुलं तेव्हाच उमलतात. परागणाचं काम रात्रीचे पतंग करतात, पण ते चौथ्या मजल्याच्या गच्चीवर येतीलच असं नाही. मी नरफुलाच्या पाकळ्या काढून पराग मादीफुलाला टेकवतो.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हारी लागलेली आहे. दिवाळीनंतर वेल पिवळी पडून वाळते. ती मेलेली नसते, जमिनीत कंद झोपलेला असतो. वहिनींना मी तीन वर्षांचा मादीचा कंद कुंडीसकट दिला होता. मार्गशीर्षात त्यांचा फोन आला, "भाऊजी, करटोली वाळली हो, रोज पाणी घालतेय तरी." मी लगेच गेलो. कंद उकरला तर बोटं आत रुतली. पार कुजला होता. पानंच नाहीत, तर ते पाणी पिणार कोण?

आता वेल वाळली की मी ती वीतभर ठेवून कापतो, कुंडी सावलीत सरकवतो आणि पाणी बंद करतो. माती अगदी भुगा झाली तरच तांब्याभर. मे संपता संपता वरची माती काढून शेणखत घालतो.

कुंडीच्या तळाची भोकं मोकळी ठेवा. फळ हिरवं असतानाच तोडा, पिवळं झालं की बिया दाताखाली येतात.

आणि जूनमध्ये कोंब दिसेना म्हणून रोज माती उकरू नका. मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी तसाच बोटभर कोंब मोडला.