मारान्योन नदीच्या काठी राहायला येताय तर

येण्याआधी जो तो मला दोनच प्रश्न विचारतो. ॲनाकोंडा दिसतो का आणि पिरान्या चावतात का. पिरान्या आम्ही तळून खातो. काटे फार, मांस थोडं. ॲनाकोंडा मला अकरा वर्षांत दोनदा दिसला, दोन्ही वेळा तो माझ्यापासून लांब चालला होता. पेरूच्या या कोपऱ्यात संशोधनाला किंवा शाळेत शिकवायला आलेली आपली काही मुलंमुली मी पाहिली आहेत. त्यातली जी मुदतीआधी परतली, ती सापाला भिऊन गेली नाहीत. कपडे वाळेनात, होडी येईना आणि गाव बोलेना, म्हणून गेली.

आधी वाट सांगतो. विमान तुम्हाला इकितोसला सोडेल. या शहराला बाहेरून रस्ताच नाही, येणं-जाणं हवेतून किंवा पाण्यातून. तिथून नाउतापर्यंत सुमारे 100 किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि तो तिथंच संपतो. नाउताजवळ मारान्योन आणि उकायाली या नद्या एकत्र येतात, तिथून पुढं ॲमेझॉन. आमचं गाव मारान्योनवर, संगमाच्या वरच्या अंगाला. वस्ती कुकामा लोकांची. बोलणं स्पॅनिशमध्येच चालतं, कुकामा भाषा आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच ऐकू येते. स्पॅनिश तोडकीमोडकी असली तरी चालेल, पण शिकून या.

मोठ्या मालवाहू बोटीला 'लांचा' म्हणतात. खाली केळीचे घड, कोंबड्या, सिमेंट; वर माणसं, आपापला झोपाळा टांगून. झोपाळा आणि दोरी स्वतःची न्यायची, आणि जागा इंजिनापासून व संडासापासून लांब धरायची. बोट 'आज' निघते म्हणजे माल भरला की निघते. गावातल्या लहान होडीच्या इंजिनाला 'पेके-पेके' म्हणतात, कारण ते तसंच ओरडतं. त्याचा पंख्याचा दांडा लांबलचक असतो, उथळ पाण्यात किंवा गवतात उचलून धरता येतो. पेट्रोल इथं पाण्यासारखं नाही, तुपासारखं वापरतात. कुणी तुम्हाला नाउताला नेलं तर पेट्रोलचे पैसे विचारून द्या, त्यांनी मागायची वाट बघू नका.

पावसाळा-उन्हाळा हा हिशेब मात्र विसरा. मी रत्नागिरीचा, पावसाचं मला कौतुक नव्हतं. पण आपल्याकडे चार महिने कोसळून तो निघून जातो. इथं वर्षाला तीनएक मीटर पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. इथले ऋतू पाण्याच्या पातळीचे. डिसेंबरच्या सुमारास नदी चढू लागते, एप्रिल-मेमध्ये सर्वांत वर असते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळाला जाते. दोन्हींतला फरक 8 ते 10 मीटर! म्हणून घरं खांबांवर, जमीन पोना नावाच्या ताडाच्या फळ्यांची, फटींतून खालचं पाणी दिसतं. 2012 च्या पुरात घरातल्या घरात फळ्यांचा दुसरा माळा बांधून लोक राहिले. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2010 मध्ये, नदी इतकी आटली होती की बोटी वाळूत रुतत होत्या.

नवख्या माणसाला वाटतं पाणी भरपूर म्हणजे मासे भरपूर. उलटं असतं. पूर आला की मासे बुडालेल्या जंगलात पांगतात, झाडांची पडलेली फळं खातात आणि जाळ्याला लागत नाहीत. ते दिवस भाजलेल्या केळ्यावर आणि फारिन्यावर, म्हणजे कंदाच्या भाजक्या दाण्यांवर, काढायचे. पाणी ओसरलं की मासळी स्वस्त होते आणि उघड्या पडलेल्या गाळात भात पेरतात, नांगर न लावता. वाळूवर चवळी, भुईमूग, कलिंगड. नदी परत चढायच्या आत पीक घरात आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी होडी आखूड दोरीनं बांधली होती. रात्रीत पाणी चढलं, दोर ताणला आणि सकाळी होडीचं फक्त टोक वर होतं. सगळा गाव बघायला आला, कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

फारिन्या म्हणजे युकाचा कंद किसून, पिळून, मोठ्या कढईत भाजलेले दाणे. युका म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद, तेव्हा उपासाला अडचण नाही. पण याच युकाचा 'मासातो' होतो आणि खरी परीक्षा तिथं आहे. कंद उकडून ठेचतात, बायका त्यातला थोडा तोंडात चावून परत भांड्यात टाकतात, मग तो आंबतो. आता पुष्कळ घरांत चावण्याऐवजी रताळं किंवा साखर घालतात, पण वाडगा पुढं येईल तेव्हा चौकशी करायची सोय नसते. आपल्या मनात उष्ट्याची जी अढी आहे ती इथं आडवी येते. मी पहिल्या खेपेला पोट बिघडल्याचं सांगून नाही म्हटलं. त्या बाईनं काही न बोलता वाडगा पुढच्या माणसाला दिला. नंतर सहा महिने मला कुणी 'मिंगा'ला बोलावलं नाही.

मिंगा म्हणजे एकाच्या शेतावर किंवा घरावर सगळ्यांनी राबायचं, घरधन्यानं खाऊ-पिऊ घालायचं, आणि उद्या दुसऱ्याकडे. इरापाय नावाच्या ताडाच्या पानांचं छप्पर काही वर्षांनी बदलावं लागतं आणि ते एकट्याचं काम नाही. तुम्ही मजुरी देऊ केलीत तर माणसं येतील, कामही होईल. पण मग पुढं ताप आला तेव्हा होडीसाठीही भाव ठरवावा लागेल. कोयता चालवता येत नसला तरी जा. पानं वाहा, पाणी द्या. मासातो ओठाला लावलात तरी पुरे, वाडगा दोन्ही हातांनी घ्या.

आजारपणाचं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तो दाखला जपा. पेरूहून परतताना तो नसला तर भारतात विमानतळावरून विलगीकरणात नेऊ शकतात. मच्छरदाणी संध्याकाळी सहाच्या आत सोडा. ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासा. इथला व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून राहतो, म्हणून ताप उतरला तरी गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. 'हेर्गोन' हा इथला मुख्य विषारी साप पालापाचोळ्यात ओळखू येत नाही. शेतात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला आणि रात्री विजेरीशिवाय पाय टाकू नका. चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालू न देता उचलून होडीत घालायचं आणि आरोग्य केंद्रात न्यायचं. उथळ वाळूत पाय घासत चाला, कारण खाली पाकट असतं. समुद्रातलंच नव्हे, गोड्या पाण्यातलंही असतं ते.

पिण्याचं पाणी पत्र्यावरून पडणाऱ्या पावसाचं, तेही उकळून. नदीचं नको. 1970 च्या दशकातली तेलवाहिनी या खोऱ्यातून जाते आणि तिची गळती लोकांनी वारंवार सोसली आहे. कुकामा बायकांच्या संघटनेनं खटला लढवला आणि मार्च 2024 मध्ये नाउताच्या न्यायालयानं मारान्योनला स्वतःचे हक्क असल्याचं मान्य केलं. बुडालेली माणसं नदीच्या तळाशी गावं करून राहतात असं इथं मानतात. त्यामुळे रिकामी बाटली पाण्यात भिरकावू नका. तुम्ही ती कुणाच्या तरी अंगणात टाकत असता.

पैसे सुट्टे आणि नोटा धड असू द्या, फाटकी नोट कुणी घेत नाही. वीज जनरेटर चालेल तेवढीच, बहुधा संध्याकाळचे काही तास. घरी फोन करायचा तर इथले रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, आईला बरं पडतं. चामड्याची चप्पल आणू नका, महिन्यात हिरवी होते. कधीतरी ताडातली 'सुरी' नावाची अळी भाजून पुढं येईल. आपल्या नारळ पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याच्या भावकीतलीच. नको असेल तर ही मात्र हसून नाकारता येते.

हळद आणायची गरज नाही, 'गिसादोर' म्हणून मागा, शेजारीण परसातून उपटून देईल. हिंग तेवढा आणा, माझ्यासाठीही.