जुनी ॲल्युमिनियमची होडी घरीच दुरुस्त करताय? लोखंडाच्या सवयी सोडा, या चुका टाळा

खानदेशात फॅब्रिकेशनच्या दुकानांची कमी नाही. ट्रॉलीचा फाळका, शेडचा सांगाडा, कूलरची बॉडी, सकाळी सांगा आणि संध्याकाळी घेऊन जा. पण हे हात घडलेत लोखंडावर. जुनी ॲल्युमिनियमची होडी समोर आली की "पत्राच शे ना भो" म्हणत कामाला लागतात आणि बिघडायला तिथूनच सुरुवात होते. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, लोखंडासारखं जुळत नाही, तापल्यावर लालही होत नाही. घरच्या दुरुस्तीतल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी ही सवय असते, मग ती दुकानदाराची असो नाहीतर आपली.

न तपासता घरी आणणं

हतनूर, गिरणा, सारंगखेडा-प्रकाशाचे बॅरेज, नवापूरकडचं उकाईचं बॅकवॉटर, धडगाव-अक्कलकुव्याकडचं नर्मदेचं पाणी. होडी हवीशी वाटावी इतकं पाणी आपल्याकडे आहे. जुनी होडी मिळते ती बहुधा कुणीतरी हौसेनं घेऊन शेडमध्ये टाकून दिलेली, नाहीतर भावनगरजवळच्या अलंगहून, तोडलेल्या जहाजांच्या सामानातून आलेली. अलंगची असेल तर ती समुद्रावर राहिलेली आहे हे लक्षात ठेवा. सांध्यांत आणि सीटखालच्या फोममध्ये मीठ बसलेलं असतं. गोड्या पाण्यानं ती आतून-बाहेरून दोन-तीनदा धुतल्याशिवाय हत्यार लावू नका.

व्यवहार ठरवण्याआधी दोन गोष्टी करा. एक, साधं लोहचुंबक घेऊन सगळ्या रिव्हेट आणि स्क्रूवरून फिरवा. जिथं चिकटेल तिथं आधीच्या मालकानं लोखंड ठोकलंय, आणि त्याच्या आजूबाजूचा पत्रा पांढरी पूड होऊन खाल्ला गेला असण्याची शक्यता मोठी. दुसरं, वजन. बारा फुटी, सपाट तळाची रिकामी होडी साधारण ५० ते ८० किलोत बसते. जिनिंगच्या किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर ती १२० भरली तर वरचं वजन पाण्याचं समजा, सीटखालच्या फोमनं प्यालेलं. असा फोम उन्हात ठेवून सुकत नाही. तो खरवडून काढावाच लागतो, आणि ते काम दिसतं त्याच्या चौपट वेळ खातं. भाव करताना हे धरा.

गळती शोधायच्या आधी रंग

ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण रंग दिला की होडी नवी दिसते. गळती शोधायची पद्धत उलटी आहे: होडी पाण्यात नाही, पाणी होडीत. आत चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून तळाखाली बघत बसा. जो रिव्हेट घाम सोडेल त्याला मार्करनं गोल करा. मात्र होडी दोन टोकांना दोन विटांवर ठेवून पाणी भरू नका. बारा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद तळावर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेतीनशे लिटरच्या पुढे, तितकेच किलो. तळ मध्ये झोळ खाईल. खाली तीन-चार ठिकाणी आडवे लाकडी ओंडके हवेत. हे काम सकाळी करा. मे महिन्यात भुसावळच्या दुपारी बाहेर आलेला थेंब दिसायच्या आत वाळतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात इतकं पाणी भरणं जिवावर येतं, हे मान्य. नंतर ते लिंबाच्या झाडाला सोडा, पण चाचणी टाळू नका.

एम-सील आणि कूलरचे पॉप रिव्हेट

गळणाऱ्या जागा सापडल्या की हात आपोआप एम-सीलकडे जातो. घरातल्या नळाच्या जोडाला ते चालतं. होडीला का चालत नाही, ते हिशोबानं बघा. ॲल्युमिनियमचा एक मीटर पत्रा एका अंशानं तापला की मीटरच्या लाखाव्या भागाच्या सव्वादोन पट लांब होतो. ऐकायला क्षुल्लक. पण जानेवारीच्या पहाटे १० अंशावर असलेला पत्रा मे महिन्यात उन्हात ६० अंशाला सहज जातो. चार मीटर होडीत हा फरक साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरतो. कडक झालेलं एम-सील इतकं ओढणं-ढकलणं सोसत नाही, कडेनं सुटतं आणि पाणी त्याच्या मागून वाट काढतं. इथं लवचीक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट लागतं. सिलिकॉन घ्यायची वेळ आलीच तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल पत्र्याला बाधतं.

पॉप रिव्हेटचंही तसंच. कूलरवाला मारतो तो रिव्हेट मधून पोकळ असतो. त्यात उरलेला खिळ्याचा तुकडा लोखंडी असतो, तो गंजतो, गळून पडतो आणि रिव्हेटचं भोक उघडं राहतं. होडीचे मूळ रिव्हेट भरीव असतात. ते नुसते सैल झाले असतील तर बदलायचीही गरज नाही: एकानं आतून जड ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून हातोडीचे छोटे छोटे ठोके द्यायचे. जुन्या ट्रक आणि बसच्या बॉडीवर काम केलेला कारागीर मिळाला तर त्याला हे शिकवावं लागत नाही. मागे हात पोचतच नसेल तिथं बंद तोंडाचा ॲल्युमिनियम पॉप रिव्हेट, सीलंटमध्ये बुडवून. दुसरा नाही.

"टिग आहे ना?" एवढंच विचारून वेल्डिंगला देणं

भेग गेली असेल तर वेल्डिंग करावं लागतं. स्टीलच्या टाक्या आणि डेअरीचं सामान बनवणाऱ्यांकडे टिग, म्हणजे वायूच्या आवरणात टाका मारणारं वेल्डिंग मशीन असतं, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण स्टेनलेसचं टिग डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या विजेवर चालतं. ॲल्युमिनियमला सहसा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह लागतो. कारण असं: ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, त्याच्यावरची ऑक्साईडची पातळ साय मात्र दोन हजार अंशाच्या वर. एसीचा प्रवाह ती साय फोडत जातो. ती फुटली नाही तर आतला धातू पाण्यासारखा होतो, वर कातडी तशीच राहते, आणि वेल्डर "जुळत नाही" म्हणत करंट वाढवतो. लोखंड लाल होऊन इशारा देतं, हे देत नाही. क्षणात पत्र्याच्या जागी मुठीएवढं भोक.

म्हणून विचारायचं ते हे: मशीन एसीवर चालतं का, शुद्ध आर्गॉन वायू आहे का, ५३५६ नंबरची तार आहे का. होडीचा पत्रा बहुधा ५०५२ जातीचा असतो आणि ही तार त्याला जुळते. वेल्डिंगच्या जागेचा जुना रंग, ग्रीस आणि ओल आधी काढलेली हवी, नाहीतर टाका आतून जाळीदार होतो आणि बाहेरून छान दिसतो. आणि जवळचा फोम आधी काढा, जळता पीयू (पॉलियुरेथेन) फोम विषारी धूर सोडतो.

पत्रा दीड मिलिमीटरचा असेल तर माझं मत सरळ आहे: वेल्डिंगच्या फंदात पडू नका, सीलंट लावून रिव्हेटचं ठिगळ मारा. ठिगळाचा पत्रा मात्र भांड्यांच्या दुकानातला मऊ नको. ५०५२ गावात मिळत नसेल तर सुरत किंवा मुंबईहून मागवावा. आतल्या डेकचा सांगाडा करायला सरकत्या खिडक्यांचं सेक्शन चालतं. ते ६०६३ जातीचं असतं आणि खिडकीवाल्याकडे त्याचे तुकडे स्वस्तात पडून असतात.

तांबं, पितळ आणि ओलं लाकूड

दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक खाल्ला जातो. ॲल्युमिनियम आणि तांबं-पितळ यांच्या जोडीत नेहमी ॲल्युमिनियमच हरतं. तळातलं पाणी सोडायच्या भोकाला नळाचा पितळी आटा आणि बूच बसवणं ही त्यातली सर्रास दिसणारी चूक. नायलॉनचं बूच घ्या. बोल्ट स्टेनलेसचे आणि त्यांच्याखाली नायलॉनचा वायसर.

मागच्या फळीचं, म्हणजे इंजिन टांगतात त्या फळीचं प्लायवूड बहुतेक जुन्या होड्यांत कुजलेलं असतं. दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून देतील ते घेऊ नका, पाटीवर आयएस ७१० लिहिलेलं मरीन प्लायच घ्या. सगळ्या कडा आणि बोल्टची भोकं इपॉक्सीनं बंद करा. कीड लागू नये म्हणून तांब्याचं औषध मुरवलेलं हिरवट लाकूड येतं, ते तर होडीच्या आसपास आणू नका. ओल आली की त्यातलं तांबं पत्र्यात उतरतं.

"आपलं पाणी कुठं खारं आहे" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तापीच्या पाण्यात झीज समुद्रापेक्षा पुष्कळ सावकाश होते हे खरं. पण डेकखाली गाळ आणि ओला कार्पेट महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहिला की त्या जागी हवा पोचत नाही आणि पत्र्याला बारीक खड्डे पडायला लागतात. कार्पेटची हौस मला कधी कळली नाही. खरखरीत रंग द्या, काम भागतं.

सीट कापून जागा करणं

होडी सजवताना होणारी सगळ्यात घातक चूक ही. मधली सीट आडवी येते, मासे धरायला मोकळा डेक हवा असतो, म्हणून ग्राइंडर लावून ती काढून टाकतात. ती सीट दोन कामं करत असते. एक, दोन्ही बाजूंना ताणून धरते. ती गेली की लाटेवर होडीच्या बाजू आत-बाहेर हलतात आणि सगळे रिव्हेट सैल होत जातात. दुसरं, तिच्या पोटातला फोम होडी पाण्यानं भरली तरी तिला तरंगत ठेवतो.

हिशोब करून बघा. एक घनफूट चांगला फोम साधारण २७ किलो तोलून धरतो. पाण्यात बुडालेल्या ६० किलोच्या ॲल्युमिनियम होडीचं वजन ३८ किलोच्या आसपास भरतं. छोटं इंजिन आणि बॅटरी धरली तर ८५. म्हणजे होडी तळाला जाऊ नये एवढ्यासाठीच तीन घनफुटांहून जास्त फोम हवा. तिला धरून माणसं तरंगायची असतील तर दुप्पट. फोम बंद पेशींचा, म्हणजे सहज पाणी न पिणारा हवा. थर्माकोल नको, त्यावर पेट्रोल सांडलं की विरघळतं. फोम आणि तळ यांच्यामध्ये पाणी वाहून जायला फट ठेवा.

सीट काढायचीच असेल तर आधी नवा डेक आणि त्याच्या आडव्या फासळ्या बसवा, मग कापा. डेक उंच करू नका. १२ मिलिमीटर प्लायची एक आठ बाय चार शीट २० किलोच्या वर जाते, त्यावर दोन माणसं उभी राहिली की तोल वर सरकतो. किती माणसं बसतील याचा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा छोट्या होड्यांसाठी सोपा आडाखा आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. बारा बाय चारला उत्तर तीन येतं. आपल्याकडे सहलीला तिघं कधीच जात नाहीत, ती वेगळी गोष्ट. लाइफ जॅकेट मात्र माणशी एक.

रंग

रेड ऑक्साईड नको, तो लोखंडाचा. ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित चावून धरणारा पहिला थर, किंवा इपॉक्सी प्रायमर, तोही पत्रा घासून, थिनरनं पुसून त्याच दिवशी. घासायला लोखंडी तारेचा ब्रश किंवा लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती घेतली तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पावसाळ्यात रंगातून तांबडे ठिपके वर येतात. कॉस्टिक सोडा आणि संडास धुण्याचं आम्ल, दोन्ही ॲल्युमिनियम खातात आणि हायड्रोजन सोडतात. बंद शेडमध्ये तर अजिबात नको. दुपारच्या उन्हात रंग मारला की तो बसायच्या आधीच वाळतो आणि पोपडे धरतो. सूर्य वर यायच्या आत उरका.

वायरिंग आणि कागद

गाडीत करतो तसं निगेटिव्ह बॉडीला जोडू नका. दोन्ही वायरी वेगळ्या न्या, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. इंजिन लावणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी आणि नोंदणीचा विषय येतो. इंजिन विकत घ्यायच्या आधी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करा, आणि धरणाच्या पाण्यात उतरायचं तर जलसंपदा विभागाकडेही. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे कधी उघडतील याचा नेम नसतो, त्या दिवसांत तापीच्या पात्रात होडी नकोच.

मळ्यातल्या खोलीत ठेवणं

होडी शेवटी मळ्यातल्या खोलीतच जाते. तिथं बोर्डो मिश्रणाचं मोरचूद असतं, खताच्या गोण्या असतात, चुना असतो. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. ओलसर जमिनीवर सांडलेलं पत्र्याला लागलं की त्या जागी काळपट डाग पडून आरपार भोक पडू शकतं. चुना आणि ओलं सिमेंटही वाईट. होडी उलटी करून, लाकडावर, वारा लागेल अशी ठेवा. ताडपत्री गच्च गुंडाळू नका, आतल्या घामानं पांढरे डाग पडतात.

पाण्यात उतरल्यावर

एका बाजूला कलते: बॅटरी किंवा पेट्रोलची टाकी सरकवून बघा. तरी कललीच तर त्या बाजूचा फोम ओला आहे. उभी असताना कोरडी, चालताना पाणी येतं: रिव्हेट वजनाखाली उघडतायत, कोपऱ्यांतले आणि फासळ्यांवरचे आधी तपासा. रंगाखाली फुगे आणि फोडल्यावर पांढरी पूड: खाली दुसरा धातू किंवा ओल आहे, वरून टचअप करून काही होत नाही, उघडावंच लागेल. इंजिन चालू असताना मागची फळी हातानं हलवली तर हलते: प्लाय गेलंय, त्याच दिवशी किनाऱ्याला लागा. आणि पाच मिनिटांत घोटाभर पाणी झालं तर दुसरं काही शोधू नका, बूच लावायचं राहिलंय.