कल्ला उचलून दाखवा : छोट्या पोस्टमधून न्यूजलेटरचे वाचक कसे वाढवावेत

मडगावच्या बाजारातली मासळीवाली "माझा बांगडा ताजा आहे" असे ओरडून सांगत बसत नाही. ती बोटाने कल्ला वर करते, आतला लाल रंग दाखवते आणि गप्प राहते. पुढचे काम तुमचे.

मी फोंड्याहून दर रविवारी ईमेलने एक मराठी न्यूजलेटर पाठवते. त्या आठवड्यात बाजारात काय आले, कोणत्या गावचे, घरी त्याचे काय करावे, असा मजकूर असतो. पहिले सहा महिने मी फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर एकच वाक्य टाकत होते : "नवा अंक आला आहे, लिंक खाली." मावश्या, आत्या, कॉलेजातल्या मैत्रिणी अंगठा दाखवून मोकळ्या होत. नोंदणी मात्र कुणी करीना. कल्ला झाकून ठेवून मी नुसती हाळी घालत होते. पुढे जे बदलले आणि ज्याने वाचक आले, ते क्रमाने सांगते.

आधी नोंदणीचे पान

पोस्ट लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ या पानासाठी काढा. पोस्ट वाचून इथवर आलेल्या माणसाकडे कदंबाच्या बसची वाट पाहणाऱ्याइतकाच धीर असतो. बस दिसली की फोन खिशात. त्याला तीन गोष्टी दिसायला हव्यात : काय मिळणार, कधी मिळणार, आणि नमुन्याला एक जुना अंक. "गोव्याच्या मातीशी नाते सांगणारा उपक्रम" असले काही लिहू नका. माझ्या पानावर आता एवढेच आहे : "दर रविवारी सकाळी सातला. या आठवड्यात बाजारात काय आले आणि त्याचे काय करावे. फुकट." नाव, गाव, जन्मतारीख विचारणारे रकाने काढून टाका. ईमेलचा पत्ता पुरतो.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. पुष्कळांचा ईमेल मुलाने किंवा मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेला असतो, कारण फोन सुरू करायला तो लागतो. पुढे त्यात कुणी डोकावतच नाही. म्हणून चौकटीखाली मी एक ओळ घातली : "ज्या पत्त्यावरची मेल तुम्ही फोनवर वाचता, तोच द्या." आणि हे पान एखाद्या स्वस्त, जुन्या फोनवर स्वतः उघडून पाहा. शेजारच्या काकींच्या फोनवर माझे नोंदणीचे बटण कीबोर्डमागे लपत होते. मी ते इतके दिवस फक्त कॉम्प्युटरवर पाहिले होते.

अंकातून पोस्ट काढणे

पोस्टसाठी वेगळे काही सुचवत बसू नका. अंक लिहून झाला की तो पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथे तुम्हाला स्वतःला "अरे, हे मला ठाऊक नव्हते" असे वाटले होते, तिथे खूण करा. एका अंकात अशा तीन जागा मिळतात. मिळत नसतील तर अंकच पातळ आहे, पोस्टने तो जाड होणार नाही.

मे महिन्यात मी भिरंडांवर अंक लिहिला. आधीच्या सवयीने पोस्ट केली असती ती अशी : "नमस्कार मंडळी! या अंकात आपण कोकमाविषयी रंजक माहिती घेणार आहोत. जरूर वाचा!" यात रंजक काय आहे ते कुणाला कळणार? त्याऐवजी हे टाकले :

"भिरंडाची साल एकदा उन्हात घातली म्हणून सोले होत नाहीत. ती भिरंडाच्याच रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. काळा रंग आणि आंबटपणा या फेऱ्यांतून येतो. तुमच्या घरी किती फेऱ्या करायचे?"

ज्याने अंक कधीच उघडला नाही त्यालाही यातून काहीतरी मिळाले. माझ्या मते हीच पहिली अट : पोस्ट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. "पुढे काय झाले ते वाचण्यासाठी क्लिक करा" अशी अर्धी तोडलेली पोस्ट एकदा चालते, दुसऱ्यांदा वाचणारा चिडतो. पण उभी राहतानाच तिने शेजारचे एक दार किलकिले ठेवावे. सालीची सोले झाली, मग बियांचे काय? बियांचे भिरंडेल निघते, ते पावसाळ्यात फुटलेल्या टाचांना लावतात, आणि ते घरी कसे काढायचे हे अंकात सविस्तर होते. पोस्टखाली दुसऱ्या ओळीत मी फक्त म्हटले : "बियांचे भिरंडेल कसे काढतात, ते रविवारच्या अंकात."

दुसरा एक प्रकार हुकमी आहे : रोज दिसणाऱ्या गोष्टीवर साधा प्रश्न. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग जुलैत बाजारात दिसणारा मासा कुठला? एवढ्या प्रश्नावर लोक भरभरून बोलतात. कुणी बर्फातला म्हणतो, कुणी नदीतला, कुणी मानशीवर, म्हणजे खाजन शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, पकडलेला. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी आधीच संपते आणि तिकडचा मासा ट्रकने येऊ शकतो, हा मुद्दा मी अंकासाठी राखला होता.

तिसरा प्रकार चुकीच्या कबुलीचा. एका अंकात मी एका गावची मिरची दुसऱ्या गावच्या नावावर खपवली. काणकोणच्या एका वाचकाने चार खरमरीत ओळी लिहिल्या. मी चूक जशीच्या तशी पोस्ट केली, खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे हेही जोडले, आणि त्या आठवड्यात काणकोणातून जितक्या नोंदण्या आल्या तितक्या आधी कधी आल्या नव्हत्या. मुद्दाम चुका करायला लागू नका म्हणजे झाले.

भाषेविषयी थोडे. आपला वाचक घरी कोंकणी बोलतो आणि मराठी वाचतो. त्यामुळे "कोकम" लिहिले तर तो पुढे सरकतो, "भिरंड" लिहिले तर थांबतो. माटोळी (चवथीला गणपतीवर बांधतात तो फळाफुलांचा मांडव), पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी), खाजे (जत्रेतला गोड खाऊ) हे शब्द जसेच्या तसे ठेवा, अवतरणचिन्हांत कोंडू नका. पेडण्याचा शब्द काणकोणात चालत नाही यावर होणारी चर्चा गोड असते, तीतून पुढच्या अंकाचे साहित्य मिळते. मराठी की कोंकणी या वादाला मात्र हात लावू नका. पोस्टखाली दोनशे प्रतिक्रिया जमतील, नोंदणी एकही होणार नाही. मी हे करून बसले आहे.

कुठे काय चालते

सगळीकडे सगळे टाकायचा हव्यास नको. दोन जागा निवडा. गोव्यातल्या मराठी वाचकासाठी माझा क्रम व्हॉट्सॲप, मग फेसबुक, मग इन्स्टाग्राम असा आहे. एक्सवर पत्रकार आणि पुण्या-मुंबईचे लोक भेटतात.

व्हॉट्सॲपवर चॅनेल काढा. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून घरच्या बायकाही निर्धास्त येतात. स्टेटस २४ तासांत पुसले जाते, त्यामुळे आजच्या बाजाराचा फोटो तिथे ठीक. वाड्याच्या किंवा देवस्थानच्या ग्रुपवर टाकायचे तर आधी ॲडमिनला विचारा, आणि फक्त त्या गावाशी संबंध असलेलीच पोस्ट टाका. म्हार्दोळच्या ग्रुपवर जायांच्या फुलांचे चालेल, हरमलच्या मिरचीचे नाही.

इन्स्टाग्रामवर मजकुरात लिहिलेली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये ठेवावी लागते किंवा स्टोरीवर स्टिकर म्हणून. मजकुराच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचे दडते. म्हणून "शुभ सकाळ" मध्ये त्या ओळी घालवू नका.

एक्सवर २८० चिन्हांची मर्यादा आहे आणि तिथे देवनागरीचा हिशोब डोळ्यांना फसवतो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळे सुटे मोजतात. "म्हापसा" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सात भरतात. लिंक कितीही लांब असो, ती २३ धरतात. थ्रेड्सवर ५०० आहेत, तिथे जरा श्वास घेता येतो.

लिंक, आणि भाड्याची जागा

लिंक दर पोस्टमध्ये नको. माझे प्रमाण तीनास एक : दोन पोस्ट नुसत्या, तिसरीत लिंक. फेसबुकवर मी ती पहिल्या कमेंटमध्ये देते. वाचकाला आपल्या अंगणाबाहेर नेणाऱ्या पोस्टवर या कंपन्यांचे फारसे प्रेम नसते. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या ट्विटरने (आताच्या एक्सने) सबस्टॅक या न्यूजलेटर पाठवायच्या सेवेची लिंक असलेल्या पोस्ट काही दिवस लाइक किंवा रिट्विटही करू दिल्या नव्हत्या. हजारो अनुयायी असलेले लेखक हात चोळत बसले. गोव्यात मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे, समाजमाध्यमावरच्या भाडेकरूला कसलेच नाही. ईमेलची यादी मात्र फाइल करून उतरवून घेता येते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ती उतरवते आणि पेन ड्राइव्हवर ठेवते. तुम्हीही ठेवा.

पंचांग समोर ठेवून

पोस्टचे वेळापत्रक करायला ॲप लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर घ्या आणि लोक एखादी गोष्ट कधी शोधायला लागतात, तिथे पेन्सिलने खूण करा. चवथीच्या दिवशी माटोळीवर लिहून उपयोग नाही, तेव्हा ती बांधून झालेली असते. पंधरा दिवस आधी, रोज एक फळ किंवा एक वेल, फोटो आणि गावठी नाव, अशी मालिका लावा. नव्या पिढीला माटोळीतल्या निम्म्या वस्तू ओळखता येत नाहीत आणि बाजारात विचारायला लाज वाटते. माझी सर्वात जास्त वाढ याच पंधरवड्यात होते. मेमध्ये पुरुमेंत आणि मानकुराद आंबा, जूनमध्ये मासेबंदी, श्रावणात पातोळ्या आणि हळदीची पाने, हिवाळ्यात जत्रा आणि खाजे. चार दिवस आधी लिहून ठेवा आणि बाजारच्या दिवशी, म्हणजे म्हापशासाठी शुक्रवारी सकाळी, सोडा.

आलेल्या माणसाला विचारपूस

नोंदणी झाल्याबरोबर एक छोटी मेल आपोआप जाईल अशी सोय करा. तीत एकच प्रश्न : "तुम्ही कोणत्या गावचे?" लोक उत्तर देतात, आणि उत्तर दिले की त्यांच्या मेलपेटीला तुमचा पत्ता ओळखीचा वाटू लागतो. माझे निम्मे विषय या उत्तरांतून निघाले आहेत.

अंक लांब असेल तर आणखी एक पथ्य. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढची मेल कापते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, त्यात सजावटीचे कोड. म्हणजे तेवढ्याच लांबीचा मराठी अंक बराच आधी कापला जातो. स्वतःला मेल पाठवून शेवटची ओळ दिसते का ते बघा.

लग्नाच्या आमंत्रणाची यादी, व्हिजिटिंग कार्डे, जुन्या शाळेचा ग्रुप यांतले पत्ते परस्पर घालू नका. सभ्यतेचा मुद्दा आहेच, पण गणितही पाहा. गुगल पाठवणाऱ्यांना सांगते की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. तीनशे जणांना मेल गेली आणि एका रागावलेल्या भाओजींनी स्पॅमचे बटण दाबले की झाले ०.३३.

मोजायचे काय

लाइक मोजू नका. किती जणांनी मेल उघडली हा आकडाही २०२१ पासून भरवशाचा राहिलेला नाही. ॲपलच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची सोय चालू असेल तर मेलमधली चित्रे आपोआप उतरतात आणि न वाचलेली मेलही उघडलेली दिसते. प्रत्येक जागेसाठी वेगळी नोंदणी लिंक करा आणि वहीत तीन रकाने आखा : कुठून किती आले, किती जणांनी उत्तर लिहिले, किती गेले. जाणाऱ्यांचे वाईट वाटून घेऊ नका. तीन महिने एखाद्या जागेचा रकाना रिकामा राहिला तर ती सोडा. मी एक्स असेच सोडले.

वहीत चौथा रकानाही आहे, तो कागदाचा. देवळाच्या मंडपात नाटक असले की मी क्यूआर छापलेल्या चिठ्ठ्या नेते. पडदा उघडायला नेहमी उशीर होतो आणि लोकांना हातात काहीतरी हवे असते. गेल्या जत्रेत निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि विचारले, "बाय, हे कागदावर मिळत नाही?" त्यांच्याकडे ईमेल नाही आणि काढायचाही नाही. आता सोमवारी बाजारात जाताना एक प्रत छापून त्यांच्या ओसरीवर ठेवते. कुठून आले या रकान्यात त्यांच्यापुढे लिहिले आहे : नाटक.