लेकॉक गावात फोटो काढताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं लेकॉक हे चार रस्त्यांचं छोटं गाव. कॅमेऱ्याची आवड असलेल्याने एकदा तरी इथे जावंच, असं मला मनापासून वाटतं. इथल्या ॲबीतल्या, म्हणजे जुन्या मठातल्या, एका जाळीदार खिडकीचा फोटो छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये घेतला. कॅमेऱ्यातून काढलेली आणि आजवर टिकलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. १९४४ पासून गावाचा बराचसा भाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. म्हणूनच डोक्यावर तारांचं जाळं नाही, छपरांवर अँटेना नाहीत. एवढं सगळं अनुकूल असूनही फोटो फसतात.

सगळ्यात जास्त फसतात ते वाकड्या घरांचे. लाकडी चौकटीची ही घरं शेकडो वर्षांची. कुठे वासा झुकलेला, कुठे वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला. फोटो वाकडा आला म्हणून आपण घरी जाऊन एखादा खांब सरळ करतो आणि रस्ताच कलंडतो. घर खरंच वाकडं आहे, ते तसंच दिसू द्या. कॅमेऱ्यातली लेव्हल (कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारी रेघ) सुरू ठेवा आणि तिच्यावरच भरवसा ठेवा.

सेंट सिरिॲक चर्चचा मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो, त्याचं कारण मात्र वेगळं: कॅमेरा वर रोखलेला असतो. चर्च स्ट्रीटवर मागे या, कॅमेरा वर-खाली न झुकवता समतल धरा आणि खाली जास्तीची आलेली जमीन नंतर कापून टाका. अरुंद रस्ता आहे म्हणून लगेच वाइड लेन्सकडे वळू नका. त्याने जवळची भिंत अवाढव्य होते आणि लांबची घरं काड्यापेट्यांसारखी दिसतात. पन्नास ते पंच्याऐंशी मिमीची लेन्स, किंवा फोनवर दुप्पट झूम, यातच घरांची दाटी नीट उतरते.

वेळेचा अंदाज आपल्याकडच्या सवयीने बांधू नका. जूनमध्ये इथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळतो. डिसेंबरमध्ये चारलाच मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो. त्यामुळे अरुंद रस्त्याची एक बाजू दिवसभर सावलीत राहू शकते. बाथ-स्टोनहेंजच्या बसटूरने दुपारी येणाऱ्यांना गर्दीही मिळते आणि रहिवाशांच्या गाड्याही. उन्हाळ्यात गावातच मुक्काम केलात तर सकाळी सहाचे रस्ते तुमचेच. ते जमत नसेल तर गाड्यांच्या टपांच्या वरून, पुढे आलेले मजले आणि कौलं टिपा.

ढगाळ दिवशी पांढरं फटक आकाश निम्मा फोटो खातं. ते चौकटीबाहेर ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्सने (कॅमेरा आपोआप ठरवतो त्या रंगछटेने) दगड निळसर झाला तर ‘क्लाउडी’ निवडा, त्याचा उबदार रंग परत येतो. पाऊस आला म्हणून कॅमेरा पिशवीत टाकू नका. ओल्या दगडावर या गावाचा रंग सगळ्यात खुलतो.

आता ॲबीतली ती खिडकी. आतून फोटो काढताना फोन अंधाऱ्या खोलीसाठी उजेड वाढवतो आणि काचा पांढऱ्या जळून जातात. बोटाने काचेवर टॅप करा, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) खाली ओढा, खोली काळी पडू द्या. टॅलबट यांची निगेटिव्ह जेमतेम टपाल तिकिटाएवढी, पण भिंगातून तिच्यातल्या सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. तुमच्याही फोटोत काचा मोजता यायला हव्यात.

या घरांत माणसं भाड्याने राहतात. रस्त्यावरून घराचा फोटो काढायला इंग्लंडच्या कायद्याची आडकाठी नाही, पण खिडकीला लेन्स लावू नका आणि दारातल्या माणसाला विचारल्याशिवाय टिपू नका. ड्रोन घरीच ठेवा. ट्रस्टच्या जागेवर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.