बडतर्फीची भरपाई आणि कोसळलेले चलन : या चुका टाळा

नागपूरच्या कामगार न्यायालयात बडतर्फीविरुद्ध लढणारा बुटीबोरीचा कामगार असो, की परदेशातील नोकरी गमावून घरी परतलेला फिटर, दोघांचेही लक्ष ‘रक्कम किती’ या प्रश्नावर खिळलेले असते. ती रक्कम कोणत्या चलनात, कोणत्या तारखेच्या दराने आणि किती व्याजासह मिळावी, हे अर्जात लिहायचेच राहून जाते, आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे.

‘करार डॉलरमध्ये आहे, म्हणजे काळजी नाही’ हा समज दुसरी चूक. झिम्बाब्वेमध्ये २२ फेब्रुवारी २०१९ च्या अध्यादेशाने अमेरिकी डॉलरमधील बहुतेक जुनी देणी एकास एक दराने स्थानिक डॉलरमध्ये बदलली, तेव्हा बँकांमधील नव्या चलनबाजाराची सुरुवातच एका अमेरिकी डॉलरला २.५ स्थानिक डॉलर अशी झाली. म्हणजे देणे पहिल्याच दिवशी चाळीस टक्क्यांवर आले आणि पुढे ते आटतच गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, झाम्बेझी गॅस प्रकरणात, न्यायालयीन निकालाने ठरलेल्या देण्यालाही हाच नियम लावला. २२ फेब्रुवारी २०१९ पूर्वी वसुली पूर्ण केलेले बचावले, निकाल हाती घेऊन थांबलेले बुडाले. म्हणून निवाडा मिळताच वसुलीचा अर्ज करावा. मालकाचे वकील तारखा मागतात, तेव्हा त्यांना वेळेची किंमत चांगली ठाऊक असते.

आपल्याकडे रुपयाची तशी दशा झालेली नाही, तरी महागाईचा घाव मंद गतीने बसतोच. परकी चलनातील दाव्यात फोरासोल (एक फ्रेंच कंपनी) विरुद्ध तेल व नैसर्गिक वायू आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या तारखेचा विनिमय दर धरला. निकालाच्या तारखेनंतर रुपया घसरला तर ते नुकसान कामगाराच्या पदरी पडते, म्हणून निकालापासून वसुलीपर्यंतचे व्याज स्पष्ट शब्दांत मागावे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-ब खाली उच्च न्यायालयात प्रकरण प्रलंबित असताना मिळणारे वेतनही अखेरच्या पगाराएवढेच असे, त्यामुळे तशा वेतनावर समाधान मानून लवकर सुनावणीची मागणी सोडू नये. बडतर्फीच्या काळातील मागील वेतन हवे असेल, तर आपण अन्यत्र नोकरीत नव्हतो हे शपथपत्रावर सांगावे लागते, आणि ते अनेकजण विसरतात.

हिशेबाच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेले असेल, तर सही करण्यापूर्वी त्यावर ‘हक्क राखून’ असे लिहावे आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी.